हे गाणे कोणाचे? १९७०च्या दशकातील रॉक संगीतिका आणि कर्तृत्वाचे वाद

१/
१९७१ साली न्यूयॉर्कमध्ये पाच महिन्यांच्या अंतराने दोन संगीतिका रंगमंचावर आल्या. दोन्हींचा नायक येशू. दोन्हींत गिटार, ड्रम आणि रस्त्यावरून थेट रंगमंचावर आल्यासारखे दिसणारे तरुण. दोन्हींचे संगीतकार मार्च १९४८मध्ये, अवघ्या सोळा दिवसांच्या अंतराने जन्मलेले. १९७३मध्ये दोन्हींवर चित्रपट निघाले. तेव्हापासून रसिकांच्या गप्पांत एक प्रश्न सतत डोकावतो: ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ आणि ‘गॉडस्पेल’ यांपैकी कोणी कोणाचे उचलले? #धागा

२/
उत्तर आधीच सांगून टाकतो: कोणीही कोणाचे उचलले नाही. पण ते उत्तर ज्या वाटेने मिळते ती वाट पाहण्याजोगी आहे. शिवाय तो प्रश्न एकदा बाजूला सारला, की त्याच्या मागे दडलेले खरे वाद दिसू लागतात. एका संगीतिकेची सगळी गाणीच बदलली गेली. एकीची प्रसिद्ध चाल आधी दुसऱ्याच शब्दांची होती. एकीच्या संगीतकाराला तालमीला येण्यास मनाई झाली. आणि एकीच्या श्रेयनामावलीत चक्क आपल्या नगरजवळच्या मौनी सत्पुरुषाचे नाव आहे.

३/
आधी एक तांत्रिक गोष्ट. कादंबरीच्या मुखपृष्ठावर एक नाव असते. संगीतिकेचे तसे नाही. संवाद व कथानक म्हणजे संहिता एकाची, गीते दुसऱ्याची, चाली तिसऱ्याच्या, वाद्यमेळ चौथ्याचा, आणि हे सगळे उभे करणारा दिग्दर्शक पाचवा. आपल्याकडे ‘संगीत नाटका’त पद लिहिणारा आणि चाल देणारा वेगळे असत, तरी नाटक मात्र देवलांचे किंवा खाडिलकरांचेच म्हटले जाई. न्यूयॉर्क-लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर या प्रत्येक वाट्याला स्वतंत्र करार असतो आणि स्वतंत्र मानधन. त्यामुळे ‘हे कोणी रचले’ हा प्रश्न तिथे रसग्रहणापुरता उरत नाही. तो पैशाचा, आणि पुढच्या पिढ्यांनी कोणाचे नाव घ्यायचे याचाही होतो.

४/
आता साम्याकडे वळू. या सगळ्या संगीतिका एकाच घरातल्या वाटतात याचे साधे कारण असे, की त्या खरोखरच जवळजवळ एकाच घरातल्या आहेत. मूळ घर ‘हेअर’. जेम्स राडो व जेरोम रॅग्नी यांची संहिता-गीते, गॉल्ट मॅकडरमॉट यांचे संगीत. प्रथम १९६७, ब्रॉडवेवर एप्रिल १९६८. लंडनमध्ये ती आली २७ सप्टेंबर १९६८ला, म्हणजे ब्रिटनमधील नाट्यपरिनिरीक्षण कायद्याने संपुष्टात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी! तोपर्यंत राजदरबारातील लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयाची मंजुरी मिळाल्याखेरीज नाटक लावता येत नसे.

५/
लंडनच्या ‘हेअर’मधला पॉल निकोलस पुढे लंडनच्या ‘सुपरस्टार’मध्ये येशू झाला आणि ‘टॉमी’ चित्रपटात दुष्ट चुलतभाऊ. त्याच ‘हेअर’मधील टिम करी व रिचर्ड ओब्रायन ‘द रॉकी हॉरर शो’मध्ये भेटतात. लंडनच्या ‘सुपरस्टार’चा दिग्दर्शक जिम शार्मन, ‘रॉकी हॉरर’चाही तोच. ब्रॉडवेच्या ‘हेअर’चा दिग्दर्शक टॉम ओहॉर्गन, ब्रॉडवेच्या ‘सुपरस्टार’चाही तोच. ब्रॉडवेवरचा ज्युडास बेन व्हेरीन, आणि ‘पिपिन’मधला सूत्रधार पुन्हा बेन व्हेरीनच. या सगळ्यांच्या मागे पैसा उभा करणारा एक माणूस वारंवार दिसतो: रॉबर्ट स्टिगवूड. लंडनचे ‘हेअर’, रंगमंचावरचे ‘सुपरस्टार’, ‘टॉमी’ चित्रपट, ‘एव्हिटा’, ‘ग्रीस’ चित्रपट... सर्वत्र त्याचे नाव.

६/
तेव्हा दोन कृतींत एकच वळण ऐकू आले, तर चोरीचा संशय घेण्यापूर्वी विचारावे: नट तेच होते का? वादक तेच होते का? ‘सुपरस्टार’च्या मूळ ध्वनिमुद्रिकेत येशूचा आवाज ‘डीप पर्पल’च्या इयन गिलनचा आहे आणि मागे वाजवणाऱ्यांत जो कॉकरच्या ‘ग्रीस बँड’चे वादक आहेत. ती मुद्रिका त्या वर्षीच्या इंग्लिश रॉकसारखी वाजते, कारण ती वाजवणारे हात तेच होते. साहित्याच्या इतिहासात आपण ‘संप्रदाय’ हा शब्द वापरतो. तो इथेही चपखल बसतो.

७/
आता ‘सुपरस्टार’ विरुद्ध ‘गॉडस्पेल’. तारखा मांडू.
‘सुपरस्टार’चे शीर्षकगीत नोव्हेंबर १९६९मध्ये स्वतंत्र तबकडी म्हणून आले. संपूर्ण ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९७०. ब्रॉडवेवर १२ ऑक्टोबर १९७१.
‘गॉडस्पेल’चा पहिला प्रयोग डिसेंबर १९७०, पिट्सबर्गमधील कार्नेगी मेलन विद्यापीठात, एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून. १९७१च्या प्रारंभी न्यूयॉर्कच्या ‘ला मामा’ या प्रायोगिक रंगमंचावर. १७ मे १९७१ला चेरी लेन थिएटरमध्ये व्यावसायिक प्रयोग.
म्हणजे मुद्रिका आधीची, रंगमंचावरचा व्यावसायिक प्रयोग मात्र ‘गॉडस्पेल’चा आधी. कोणाला ‘पहिले’ म्हणायचे हे तुम्ही काय मोजता यावर अवलंबून.

८/
आणि रचना पाहिली तर दोन्ही एकमेकींपासून फार लांब आहेत. ‘सुपरस्टार’मध्ये बोललेला संवाद जवळजवळ नाहीच; सगळे गायलेले. स्वरवाक्ये पुन्हा पुन्हा नव्या संदर्भात परततात. ताल वाकडे: एक प्रसिद्ध गाणे पाच मात्रांचे, मंदिराच्या आवारातील बाजाराचे दृश्य सात मात्रांचे. (रूपक ऐकत वाढलेल्या कानाला सातचे काही वाटत नाही, पश्चिमी रॉकच्या श्रोत्याला ते बेचैन करते, आणि त्या दृश्याला तेच हवे आहे.) कथा ज्युडासच्या नजरेतून दिसते आणि क्रुसापाशी थांबते.

९/
‘गॉडस्पेल’ मात्र मॅथ्यूच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तकथांची माळ. विदूषकी रंगरंगोटी, खेळ, नकला, मध्येच एखादे गाणे. येशूच्या अंगात सुपरमॅनचे चिन्ह असलेला सदरा. तिच्यामागे हार्वी कॉक्स या धर्मशास्त्रज्ञाचे १९६९चे पुस्तक आहे. त्यात ख्रिस्ताकडे विदूषक म्हणून पाहिले आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ‘सुपरस्टार’ ऑपेराकडे झुकते आणि ‘गॉडस्पेल’ कीर्तनाच्या उत्तररंगाकडे.

१०/
‘गॉडस्पेल’चा कर्ता म्हणून ज्याचे नाव सर्वप्रथम येते तो जॉन-मायकल टेबेलॅक. १९७०च्या ईस्टरला हा लांब केसांचा विद्यार्थी पिट्सबर्गच्या एका प्रार्थनामंदिरात उपासनेला गेला. तिथे त्याला आनंदाचा लवलेश दिसला नाही, आणि बाहेर पडताना पोलिसाने अमली पदार्थांच्या संशयावरून त्याची झडती घेतली. तो घरी गेला आणि हातातला प्रबंध याच विषयावर पुरा करायला बसला. नाटकाची कल्पना, रचना, दिग्दर्शन सगळे त्याचे. गाणी मात्र त्याची नव्हती.

११/
विद्यापीठातील प्रयोगात जुन्या प्रार्थनागीतांच्या शब्दांना चाली दिल्या होत्या ड्वेन बोलिक या सहविद्यार्थ्याने. ‘ला मामा’मध्येही तेच संगीत होते. मग व्यावसायिक निर्माते आले. त्यांना नाटक हवे होते, पण संगीत नवे हवे होते. त्यांनी तेवीस वर्षांच्या स्टीफन श्वार्ट्झला बोलावले. तोही त्याच विद्यापीठाचा. हाताशी सुमारे पाच आठवडे. त्याने बहुतेक सगळी गाणी नव्याने बांधली.

१२/
इथे जरा थांबा. आज जगभर ‘गॉडस्पेल’ म्हटले की लोकांना श्वार्ट्झ आठवतो, आणि त्याच्या चालींचे सामर्थ्य पाहता ते अन्याय्यही नाही. पण ज्या संगीतावर ते नाटक प्रथम उभे राहिले, तोल सावरायला शिकले, निर्मात्यांच्या नजरेत भरले, ते संगीत इतिहासातून जवळपास पुसले गेले. इथे चोरीचा प्रश्नच नाही. कोणी कोणाचा एक स्वरही घेतला नाही. तरीही बोलिकचा त्या यशात वाटा होता की नाही? कायद्याच्या चौकटीत या प्रश्नाला जागा नाही. इतिहासाच्या चौकटीत असायला हवी, असे मला वाटते.

१३/
जुन्या संचातले एक गाणे मात्र टिकले. जे हॅम्बर्गरचे शब्द आणि पेगी गॉर्डनची चाल असलेले, ‘ला मामा’ प्रयोगातले गाणे नव्या ‘गॉडस्पेल’मध्ये जसेच्या तसे राहिले आणि श्रेयनामावलीतही त्या दोघांची नावे राहिली. लक्ष देऊन ऐकले तर त्या गाण्याची शांत, लोकसंगीताच्या वळणाची बांधणी वेगळी कळते. शैलीवरून कर्ता ओळखण्याचा खेळ कुणाला खेळायचाच असेल, तर सुरुवात या गाण्यापासून करावी. इथे उत्तर पडताळता येते.

१४/
मात्र हाच खेळ श्वार्ट्झच्या गाण्यांवर खेळायला गेलात तर फसाल. ‘गॉडस्पेल’मध्ये त्याने प्रत्येक गाणे ठरवून वेगळ्या घाटाचे केले आहे. एकात लॉरा नायरोची छाप, दुसऱ्यात जेम्स टेलरच्या वळणाची हळुवार गिटार, एक चक्क जुन्या व्हॉडव्हिल तमाशाच्या थाटाचे. हे त्याने कधी लपवले नाही. केवळ कानावर विसंबून कोणी तिऱ्हाइताने हा संच तपासला, तर तो चार-पाच संगीतकारांची नावे सांगेल.

१५/
आणि शब्द? सर्वांत गाजलेल्या गाण्याचे शब्द एक प्रार्थना आहे. ती तेराव्या शतकातील चिचेस्टरच्या संत रिचर्ड या बिशपच्या नावावर सांगितली जाते. तिला आजचे यमकबद्ध इंग्रजी रूप पुष्कळ नंतर मिळाले. ते रूपही एका स्तोत्रसंग्रहातून श्वार्ट्झपर्यंत पोहोचले. १९७२मध्ये हे गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत १३व्या क्रमांकापर्यंत चढले. बिशप १२५३ साली वारले. अन्य गाण्यांतही अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील स्तोत्रकारांचे शब्द आहेत. तुकोबांच्या नावावरचे अभंग कोणते अस्सल आणि कोणते मागाहून मिसळलेले, या चर्चेची ज्यांना सवय आहे त्यांना हे मुळीच परके वाटू नये.

१६/
आता लॉइड वेबर आणि टिम राइस. ‘सुपरस्टार’मध्ये मेरी मॅग्डालीनचे जे प्रेमगीत आहे, त्याची चाल येशूसाठी बांधलेली नव्हतीच. तीच चाल या जोडीने दोन-तीन वर्षांपूर्वी ‘कॅन्सस मॉर्निंग’ नावाच्या एका साध्या पॉप गाण्यासाठी वापरली होती. ते गाणे चालले नाही. पुढे त्याचे हक्क परत विकत घ्यावे लागले आणि राइसने चालीवर नवे शब्द बसवले. हेरोद राजाचे थिल्लर, नाचरे गाणेही असेच. ते मूळचे युरोव्हिजन स्पर्धेसाठी, गायिका लुलूकरिता केलेले. तिथे निवडले गेले नाही. नंतर इटालियन गायिका रीटा पावोने हिने ते मुद्रित केले, आणि मग ते राजा हेरोदाच्या तोंडी आले.

१७/
स्वतःचीच जुनी चाल पुन्हा वापरण्यात गैर काय? काहीच नाही. हेंडेलपासून आपल्या नाट्यसंगीतापर्यंत सर्वांनी ते केले आहे. आपल्याकडे तर एकाच बंदिशीच्या चालीवर वेगवेगळ्या नाटकांतली पदे उभी आहेत. पण त्यामुळे एका लाडक्या समजुतीला धक्का बसतो: चाल प्रसंगातून जन्मते ही समजूत. मेरीची ती व्याकूळ चाल कॅन्ससच्या सकाळीसाठी होती. तिला मेरीची केली ती राइसच्या शब्दांनी आणि इव्हॉन एलिमनच्या आवाजाने.

१८/
त्या चालीबद्दलचा दुसरा आक्षेप जुना आहे: ती मेंडेलसोनच्या ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या संथ, दुसऱ्या भागाची आठवण करून देते. दोन्ही लागोपाठ ऐका; आठवण होते हे नाकारता येत नाही. माझ्या मते साम्य सुरुवातीच्या वळणात आहे, पुढे वाटा फुटतात. आणि मेंडेलसोन १८४७ मध्ये वारले असल्याने त्यांचे संगीत केव्हाच सर्वांचे झाले होते. म्हणून हा आक्षेप मैफिलीत रंगला, न्यायालयात गेला नाही.

१९/
न्यायालयात गेलेला त्या काळचा खटला दुसरा. जॉर्ज हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’वर १९७१च्या फेब्रुवारीत दावा झाला: चाल १९६३च्या ‘ही’ज सो फाइन’ची आहे म्हणून. १९७६मध्ये न्यायाधीशांनी ठरवले, की हॅरिसनने जाणूनबुजून चोरी केली नाही, पण ऐकलेली चाल अजाणता मनात राहिली आणि बाहेर आली. आणि कायद्याच्या दृष्टीने तेही उल्लंघनच. प्रश्न दोन: मूळ चाल त्याने ऐकलेली असणे शक्य होते का? आणि दोन चालींत भरीव साम्य आहे का? इतिहासाच्या अभ्यासकालाही हे दोन प्रश्न उपयोगी पडतात. मात्र एक भेद ध्यानी ठेवावा. कायदा विशिष्ट स्वररचनेला संरक्षण देतो. शैली, घाट, कल्पना यांना नाही. ‘येशूवर रॉक संगीतिका’ ही कल्पना कोणाच्याही मालकीची होऊ शकत नव्हती.

२०/
थोडे विषयांतर, पण आपल्या गावचे. १९७४मध्ये अलीक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ इंग्रजीत उभे केले. त्यातला ज्युडास होता नंदू भेंडे. ज्येष्ठ नट आत्माराम भेंडे यांचा मुलगा आणि मराठी मुलुखातल्या पहिल्या रॉक गायकांपैकी एक. हाच नंदू भेंडे १९७८मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’त दिसला. पु. ल. देशपांडे यांची संहिता, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, थिएटर अकॅडमीची निर्मिती. लावणी, नाट्यपद आणि पाश्चात्त्य पॉप एकाच रंगमंचावर.

२१/
आणि ‘तीन पैशाचा तमाशा’ची वंशावळ काय आहे? १७२८चा जॉन गे याचा ‘बेगर्स ऑपेरा’. त्याचा एलिझाबेथ हाउप्टमान हिने केलेला जर्मन अनुवाद. त्यावरून १९२८मध्ये ब्रेख्त-वाइल यांचा ‘थ्री पेनी ऑपेरा’. त्यातल्या काही गीतांत फ्रांस्वा व्हियाँच्या कवितांचे के. एल. आमर याने केलेले अनुवाद श्रेयाशिवाय घेतलेले. समीक्षक आल्फ्रेड केर याने १९२९मध्ये ते उघड केले, तेव्हा ब्रेख्तने बौद्धिक मालमत्तेच्या बाबतीत आपण मुळातच ढिले आहोत अशा अर्थाचे उत्तर दिले. हाउप्टमानचा वाटा किती, हा वाद तर अजून चालू आहे. मुखपृष्ठावरच्या एका नावामागे किती माणसे उभी असतात हे पाहायचे असेल तर ब्रॉडवेपर्यंत जायची गरज नाही.

२२/
आता ‘टॉमी’. ‘द हू’ या वाद्यवृंदाची ही दुहेरी मुद्रिका मे १९६९ची, पण तिचे रंगमंचावरचे आणि पडद्यावरचे आयुष्य १९७०च्या दशकातले: १९७०मध्ये मॉन्ट्रियलच्या नृत्यसंस्थेचे बॅले, १९७१मध्ये सिएटल ऑपेराचा प्रयोग (त्यात बेट मिडलर!), १९७२मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह नवी मुद्रिका, १९७५मध्ये केन रसेलचा चित्रपट. युद्धाच्या छायेत जन्मलेला एक मुलगा डोळ्यांदेखत झालेली हत्या पाहतो, आणि ऐकणे, बोलणे, पाहणे सारे बंद करून टाकतो.

२३/
‘टॉमी’वरचा आरोप असा: डिसेंबर १९६८मध्ये ‘द प्रिटी थिंग्ज’ या वाद्यवृंदाची ‘एस. एफ. सॉरो’ ही मुद्रिका आली होती. तीही एका माणसाची जन्मापासूनची सलग कथा. फिल मे याच्या एका लघुकथेवर आधारलेली. पीट टाऊनशेंडने ती ऐकली आणि ‘टॉमी’ केली, असे त्या मंडळींच्या बाजूने अनेकदा सुचवले गेले. टाऊनशेंडने तो प्रभाव नाकारला.

२४/
कोणावर विश्वास ठेवायचा? कोणावरच नाही, कागद पाहायचा. १९६८च्या उन्हाळ्यात टाऊनशेंडने ‘रोलिंग स्टोन’ला दीर्घ मुलाखत दिली. ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये छापून आली. तिच्यात आंधळ्या, बहिऱ्या, मुक्या मुलाची कल्पना विस्ताराने सांगितलेली आहे. ‘एस. एफ. सॉरो’ बाजारात यायला तेव्हा तीन महिने बाकी होते. त्याआधी १९६६ आणि १९६७मध्ये ‘द हू’ने कथा सांगणाऱ्या छोट्या संगीतिका केल्या होत्या, १९६७च्या ‘राएल’मधला वाद्यसंगीताचा तुकडा तर ‘टॉमी’त सरळ परत येतो. छापील, दिनांकित पुरावा या एका मुलाखतीइतका स्वच्छ क्वचितच मिळतो.

२५/
उलट गोष्ट मात्र खरी आणि करुण आहे. ‘एस. एफ. सॉरो’ अमेरिकेत प्रकाशित झाली ती ‘टॉमी’नंतर काही महिन्यांनी. त्यामुळे जी मुद्रिका आधीची होती, तीच तिथल्या श्रोत्यांना नक्कल वाटली. प्रकाशनाचा क्रम आणि निर्मितीचा क्रम यांत गल्लत झाली की काय होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

२६/
मग ‘टॉमी’ पूर्णपणे टाऊनशेंडची का? तसेही नाही. मुलावरील अत्याचाराची दोन गाणी त्याला स्वतःला लिहिवेनात. ती त्याने जॉन एन्टविसलला लिहायला सांगितली. एक गाणे सनी बॉय विल्यमसन या ब्लूज गायकाचे. एक कीथ मूनच्या नावावर आहे. ते लिहिले टाऊनशेंडने, पण कल्पना मूनची म्हणून श्रेय मूनला! व्यवस्थापक-निर्माता किट लॅम्बर्ट ‘ऑपेरा कर, ओव्हर्चर लिही’ म्हणून मागे लागला होता. कथेला आकार यावा म्हणून त्याने संहितेचा मसुदाही लिहिला. आणि पिनबॉलचे ते जगप्रसिद्ध गाणे? समीक्षक निक कोन याला कच्ची मुद्रिका फारशी भावली नाही. त्याला पिनबॉलचे वेड होते. टॉमी पिनबॉलचा खेळाडू झाला तो त्यानंतर.

२७/
श्रेयनामावलीत आणखी एक नाव आहे: ‘अवतार’ म्हणून मेहेरबाबा. पुण्यात १८९४ साली एका इराणी झरथुष्ट्री कुटुंबात जन्म, डेक्कन कॉलेजात शिक्षण, १० जुलै १९२५पासून मौन. अहमदनगरजवळचे अरणगाव-मेहेराबाद ही त्यांची कर्मभूमी. टाऊनशेंड त्यांचा अनुयायी झाला, पण भेट झाली नाही. ३१ जानेवारी १९६९ला, ‘टॉमी’ची मुद्रणे चालू असतानाच, बाबांनी देह ठेवला. पुढे टाऊनशेंड समाधीच्या दर्शनाला येऊन गेला. चव्वेचाळीस वर्षे मौनात राहिलेला गुरू आणि बोलणे सोडून दिलेला नायक, हे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. ते फार ताणू नये. टॉमीचे मौन आघातातून आलेले, बाबांचे स्वेच्छेने घेतलेले. पण अंतर्मुख झालेल्या, जगाला न दिसणारे पाहणाऱ्या माणसाकडे पाहण्याची ती दृष्टी नगरच्या माळरानावरून लंडनला गेली, एवढे निश्चित म्हणता येते.

२८/
१९७५च्या चित्रपटात रसेलने एक मूलभूत बदल केला. मुद्रिकेत परत आलेला बाप पत्नीच्या प्रियकराला मारतो. चित्रपटात प्रियकर बापाला मारतो. १९९३च्या ब्रॉडवे प्रयोगात पुन्हा बापच मारणारा झाला. तिथे संहितेचे श्रेय टाऊनशेंड आणि दिग्दर्शक डेस मॅकॅनफ या दोघांचे. म्हणजे दिग्दर्शकाच्या हाताला इथे लेखकाचा दर्जा कागदोपत्री मिळाला.

२९/
तो न मिळाल्याने जे घडले ते ‘पिपिन’मध्ये. ऑक्टोबर १९७२, ब्रॉडवे. संगीत-गीते पुन्हा श्वार्ट्झची, संहिता रॉजर ओ. हर्सन यांची, दिग्दर्शक बॉब फॉसी. शार्लमेन राजाच्या मुलाची ही कथा श्वार्ट्झने मित्रासह विद्यार्थिदशेतच रचली होती. पण त्याच्याच सांगण्यानुसार त्या पहिल्या रूपातली एक ओळ किंवा एक स्वरही ब्रॉडवेपर्यंत पोहोचला नाही. लेखकांना हवी होती एका तरुणाच्या शोधाची कोवळी गोष्ट. फॉसीला हवे होते काळोखे, मादक, उपहासाचे नाट्य. बेन व्हेरीनला घेतल्यावर त्याने सूत्रधाराची भूमिका वाढवत वाढवत नायकाच्या बरोबरीला आणली.

३०/
चोवीस वर्षांचा संगीतकार आणि पंचेचाळिशीचा, नावाजलेला दिग्दर्शक. वाद इतके विकोपाला गेले, की फॉसीने श्वार्ट्झला तालमींना येण्यास मनाई केली. १९७३मध्ये फॉसीला दिग्दर्शन आणि नृत्यरचना या दोन्हींसाठी टोनी पारितोषिके मिळाली. नाटक १,९४४ प्रयोग चालले. प्रेक्षक ज्यासाठी येत होते ते फॉसीचे काम होते हे श्वार्ट्झच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

३१/
पण संहिता आणि संगीत यांचे हक्क लेखकांचे. अमेरिकेच्या कायद्यात नृत्यरचनेला स्वतंत्र संरक्षण स्पष्टपणे मिळाले ते १९७६च्या कायद्याने, १ जानेवारी १९७८पासून. आणि दिग्दर्शकाच्या मांडणीला तसे संरक्षण त्यानंतरही मिळालेले नाही. त्यामुळे ब्रॉडवेबाहेरच्या मंडळ्यांना परवान्याने जी प्रत मिळू लागली, तिच्यात लेखकांनी आपल्या मनाचे काही भाग परत आणले. तंटा मुख्यतः शेवटाचा. सगळे वैभव सोडून साध्या संसारात राहिलेल्या पिपिनला कसे वाटते? लेखकांच्या उत्तरात अडकल्याची भावना होती आणि तिच्यासोबत समाधानही. फॉसीने समाधान छाटले, अडकणे ठेवले. दोन-तीन शब्दांचा फरक, पण सगळे नाटक उलटे होते.

३२/
आणि आज? १९९०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या एका छोट्या प्रयोगात मिच सेबॅस्टियन या दिग्दर्शकाने तिसराच शेवट सुचवला: पिपिन थांबतो, पण घरातला लहान मुलगा थिओ पिपिनचेच सुरुवातीचे गाणे गुणगुणू लागतो आणि सूत्रधाराची मंडळी हळूच त्याच्याकडे वळते. श्वार्ट्झला तो इतका पटला, की त्याने तो स्वीकारला. २०१३च्या ब्रॉडवे पुनरुज्जीवनात तोच होता. तो शेवट ना श्वार्ट्झने लिहिलेला, ना हर्सनने, ना फॉसीने. पण त्यातला अंधार थेट फॉसीच्या वळणाचा आहे.

पुढील धागा: ‘एव्हिटा’ आणि आर्जेंटिनाचा खरा इतिहास.